सहलीचा तोशा

आपल्या घरांत 'प्रवास' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. आपण शादीला जातो, मय्यतीला जातो, उरुसाला जातो, लेकीला बाळंतपणासाठी आणायला जातो, नाहीतर मोठ्या दवाखान्यात दाखवायला जातो. कामाशिवाय, नुसते पाहण्यासाठी घराबाहेर पडणे म्हणजे पैशाची नासाडी, असे आपल्या वडीलधाऱ्यांना वाटते. मुलीने तसे बाहेर पडणे तर त्यांच्या हिशेबातच नसते.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा आठवीला 'मेरा यादगार सफर' असा निबंध दिला होता. मुलांच्या वह्यांत क्रिकेटचे सामने, मामाबरोबर ट्रकमधून केलेली हैदराबादची फेरी, असे काहीबाही होते. मुलींच्या वह्यांत बहुतेक शाद्या होत्या. दोघीतिघींनी दवाखाना लिहिला होता. एकीने दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यातली दुसरी अशी : 'मैंने सफर नहीं किया, मुझे ले गए थे.' व्याकरण अचूक होते. आम्ही पूर्ण गुण दिले आणि मुख्याध्यापकांकडे गेलो. मुलींची सहल काढायची, असे तिथेच ठरले.

ठरवायला पाच मिनिटे लागली. निघायला पाच महिने लागले. ज्या शिक्षकांना आणि पालकांना पुढे हा उद्योग करायचा आहे, त्यांच्यासाठी या पाच महिन्यांचा हिशेब इथे मांडतो आहोत.

पहिली अडचण स्थळांची. शिक्षकांच्या सभेत एका दिवसात सात ठिकाणे सुचवली गेली. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा, पाणचक्की, अजिंठा आणि शिवाय बाजार. खर्च करतोच आहोत तर सगळे दाखवून आणू, हा आपला हिशेब. अशा सहलीत मुले बसमधून उतरतात, फाटकापर्यंत धावतात, मोजणी होते आणि पुन्हा बसमध्ये बसतात. घरी गेल्यावर त्यांना फक्त आइस्क्रीम आठवते. आम्ही हट्टाने तीनच ठिकाणे ठेवली : दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ. तिन्ही एकाच रस्त्यावर आहेत. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, तिथून दौलताबाद पंधरा किलोमीटरच्या आसपास, वेरूळ तीसच्या आसपास, आणि खुलताबाद मध्ये घाटमाथ्यावर. एका दिवसात तीन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी किमान दोन तास. हा नियम आम्ही सर्वांना सांगतो.

दिवस निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. फाटकाला कुलूप बघून परतलेल्या शाळा आम्हाला ठाऊक आहेत. शिवाय वेरूळला घृष्णेश्वराचे मंदिर आहे. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र टाळावी, कारण त्या दिवशी रस्ता यात्रेकरूंचा असतो. तसेच खुलताबादचा उरूस रबीउल अव्वलमध्ये भरतो, तोही चंद्र पाहून टाळावा. ऊन लागू नये म्हणून आम्ही जानेवारी महिना धरला. वर्ष होते २०२५.

दुसरी अडचण कागदांची. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नाही. त्यामुळे सहलीला परवानगी देताना कोणी दहा प्रश्न विचारले तर आम्हाला राग येत नाही. राग येतो तो एकच प्रश्न दहा वेळा विचारला की. एका टेबलावर आमचा अर्ज तीन आठवडे पडून होता, कारण सोबतची पालकांची संमतीपत्रे उर्दूत होती. भाषांतर जोडून द्या, असे तिसऱ्या फेरीत सांगितले गेले. पहिल्या फेरीत सांगितले असते तर एका रात्रीचे काम होते. तेव्हा उर्दू शाळांनी संमतीपत्र पहिल्यापासूनच दोन भाषांत छापावे, वर उर्दू आणि खाली मराठी. विद्यार्थिनींची यादी, रक्तगट, पालकांचे फोन, सोबतच्या शिक्षकांची नावे आणि वेळापत्रक यांच्या चार प्रती काढाव्यात. गाडीसाठी एसटीच्या आगारात शाळेचे पत्र द्यावे. शालेय सहलीला एसटी भाड्यात निम्मी सवलत देते. खासगी गाडी काही वेळा दिसायला चकचकीत असते, पण गरीब घरच्या मुलींच्या दृष्टीने ही निम्मी सवलत म्हणजे जाणे आणि न जाणे यांतला फरक असतो.

तिसरी अडचण सर्वांत अवघड, ती म्हणजे घरची इजाजत. अडतीस मुलींची नावे आली होती. पहिल्या आठवड्यात सह्या आल्या अकरा. मग आम्ही शाळा सुटल्यावर मोहल्ल्यात फिरू लागलो. बहुतेक ठिकाणी चहा मिळाला, सही मिळाली नाही. एका घरी दादीने विचारले, "टीचर, गरमी में पत्थर देखके लडकी कू क्या मिलेगा?" दुसऱ्या घरी अब्बांनी मेहरमचा प्रश्न काढला. प्रश्न मनापासून होता, म्हणून आम्ही तो टाळला नाही. आम्ही म्हणालो, पहाटे निघून रात्री घरी, मुक्काम नाही. सोबत तीन शिक्षिका, एक सर आणि मुलींच्या आयांपैकी कोणत्याही दोघी. शिवाय २०१८ पासून भारतातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बायका मेहरमशिवाय, गटाने, हजलाही जाऊ लागल्या आहेत, हे त्यांना सांगितले. हजची गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ते काही वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दोन आया जाणार असतील तर त्यात आमची बायको लिहा." त्या घरातून एक नव्हे, दोन माणसे आली.

हा उपाय सर्वांनी लक्षात ठेवावा. दोन आया सोबत घेतल्या की मोहल्ल्याचा विश्वास बसतो. शिवाय त्या दोघींनीही तोपर्यंत काही पाहिलेले नसते. अडतीस मुली, दोन आया, चार शिक्षक. चव्वेचाळीस सीटची बस बरोबर भरली.

आता तोशाबद्दल. आपल्या नान्या-दाद्या सफरला निघताना तोशा बांधून देत. हल्ली पोरांच्या हातात वेफर्सची पाकिटे असतात. आम्ही आधीच सांगितले होते की, मटण आणि भाताचा कोणताही प्रकार नको, दुपारपर्यंत उतरतो. मेथीच्या रोट्या, तिळाची चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे एवढेच. जेवायला मंदिराच्या किंवा दर्ग्याच्या दाराशी बसायचे नाही. झाडाखाली सतरंजी टाकायची आणि उठताना जागा आधीपेक्षा स्वच्छ करून उठायचे.

पाण्याबद्दल मात्र बारीक लक्ष द्यावे लागते. मुली सहलीत पाणी पीत नाहीत. बाहेर कुठे जायचे, कोणाला सांगायचे, या संकोचाने सकाळपासून कोरड्या राहतात आणि दुपारी त्यांची डोकी दुखायला लागतात. म्हणून आमच्यापैकी दोघी आधी एका रविवारी स्वतः जाऊन सर्व ठिकाणची स्वच्छतागृहे पाहून आल्या. वेळापत्रकात आम्ही त्यांच्या वेळाही लिहिल्या, अगदी नमाजच्या वेळा लिहितो तशा. गड चढण्याआधी खालीच आटपून घ्यायचे, असे ठरले. एका पिशवीत पॅड, जुने वर्तमानपत्र आणि जादा सलवार ठेवली. ती पिशवी सरांकडे नव्हे, एका आईकडे दिली. दिवसभरात ती तीनदा उघडली गेली. ज्या मुलींना ती लागली, त्यांच्या आठवणीत ही सहल लाजेची न राहता मजेची राहिली. सहलीच्या नियोजनात यापेक्षा महत्त्वाचे दुसरे काही नाही, असे आमचे ठाम मत झाले आहे.

नमाजचेही सोपे असते. सफरमध्ये चार रकातींच्या फर्ज नमाजा दोनच्या होतात. हे मुलींनी दीनियातच्या पुस्तकात वाचले होते, पण सफरच केलेला नसल्यामुळे कधी वापरले नव्हते. खुलताबादला जोहरच्या वेळी एकीने आश्चर्याने विचारले, "टीचर, हम सच में मुसाफिर हैं?" आम्ही हो म्हणालो.

दौलताबादला सकाळी नऊला पोहोचायचे होते. रस्ता तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो. दरवाजा हत्तींसाठी बांधलेला, बससाठी नव्हे. समोरून ऊस घेऊन आलेली ट्रॅक्टर-ट्रॉली मध्येच अडकली आणि चाळीस मिनिटे गेली. अशा वेळी शिक्षक चिडतात आणि मुले कंटाळतात. आम्ही मुलींना तिथेच गोष्ट सांगितली. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली, तेव्हा किती माणसे बैलगाड्यांतून, पायी या बाजूला आली असतील. त्यानंतर काही वर्षांनी इब्न बतूता इथे आला. तो १३२५ मध्ये एकवीस वर्षांचा असताना तंजाहून एकटाच निघाला होता. त्याने आपल्या सफरनाम्यात इथल्या तुरुंगातल्या उंदरांचे वर्णन केले आहे; ते इतके मोठे की मांजरी त्यांना भिऊन पळत. उंदरांमुळे इब्न बतूता सर्वांच्या लक्षात राहिला. तात्पर्य, गाडी अडकणारच. दोन गोष्टी तयार ठेवाव्यात.

गडावर सातशेहून अधिक पायऱ्या आहेत. बुरख्याचा घोळ पायात येऊ नये म्हणून आम्ही सेफ्टी पिना नेल्या होत्या आणि उंच टाचांच्या चपलांना बंदी केली होती. अंधारी नावाच्या काळोख्या बोगद्यात वटवाघळांचा वास येतो. तिथे आयांपैकी एक बाहेरच बसते म्हणाली. तिच्या मुलीने तिचा हात धरला आणि टॉर्च लावून तिला आतून वर नेले. एरवी बाजारातसुद्धा त्या मुलीला आई हात धरून नेत असे.

वरच्या वाटेवर मेंढ्याच्या तोंडाची तोफ आहे, तिच्यावर फारसी अक्षरे कोरलेली आहेत. आजूबाजूचे पर्यटक फोटो काढत होते. आमच्या मुली मात्र अक्षरे लावू लागल्या. फारसी त्यांना येत नाही, पण लिपी येते. 'किला' वाचला, मग 'शिकन'. किल्ला फोडणारी. मागे उभ्या असलेल्या नाशिकच्या एका कुटुंबातल्या बाईंनी विचारले, "तुम्हाला वाचता येते? काय लिहिले आहे?" नववीतल्या मुलीने मराठीत समजावून सांगितले. उर्दू शाळेत शिकल्याबद्दल त्या मुलीला चारचौघांत कोणी पहिल्यांदाच मान दिला असावा. आम्ही बी.एड.ला प्रेरणेविषयी पुष्कळ वाचले होते. या एका प्रश्नाने जे काम केले, ते आमच्या वर्षभराच्या तासांनी झाले नव्हते.

खुलताबादला आम्ही प्रथम मलिक अंबरच्या मकबऱ्यावर गेलो. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. तिथे खापरी नळांनी पाणी आणले. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्या मकबऱ्यावर गर्दी नसते. मुलींना तिथे मोकळेपणाने बसता आले. नंतर एका दर्ग्यात आतल्या भागात बायकांना प्रवेश नाही असे कळले आणि सगळ्या मुली उंबरठ्याबाहेर उभ्या राहिल्या. सर आत जाऊन आले. एकीने हळूच विचारले, "बाबा के दरबार में बी इजाजत लगती क्या?" हाजी अलीच्या दर्ग्यात आतपर्यंत जाण्याचा बायकांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केला, एवढे आम्ही तिला सांगितले. बाकीचे उत्तर आपल्या समाजाने द्यायचे आहे.

तिथून औरंगजेबाच्या कबरीवर गेलो. मुली काहीतरी भव्य बघायला तयार झाल्या होत्या. समोर मातीची साधी कबर, वर छत नाही, मातीत लावलेला सब्जा. "इतकीच?" असे दोघी एकदम म्हणाल्या. १६८१ मध्ये हा बादशहा दख्खनेकडे निघाला आणि सव्वीस वर्षे लढत राहिला. १७०७ मध्ये अहमदनगरला वारला आणि इथे पुरला गेला. परत दिल्लीला गेलाच नाही. सफर कशासाठी करतो, यावर माणसाचे बरेच काही अवलंबून असते, इतकेच आम्ही मुलींना म्हणालो.

वेरूळ तिथून चार-पाच किलोमीटर. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट पडत नाही. मात्र वयाचा दाखला सोबत हवा. चौतीस लेणी आहेत. आम्ही तीनच पाहिली, दहावे बौद्धांचे, सोळावे कैलास आणि बत्तिसावे जैनांचे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणे वरून खाली कोरत आणले. एका गवंड्याची मुलगी बराच वेळ कडा न्याहाळत होती. तिने विचारले, "टीचर, इतका मलबा टाकला कुठे?" आम्ही निरुत्तर झालो. इतकी वर्षे येणारे-जाणारे मूर्ती बघतात. मलब्याचा विचार गवंड्याच्या मुलीलाच सुचला.

तिथेच एक कडू प्रसंग घडला. शेजारच्या गटाला माहिती देणारा माणूस मूर्तींच्या तुटलेल्या हातांकडे बोट दाखवून "हे औरंगजेबाचे काम" म्हणाला आणि त्याची नजर आमच्या बुरख्यांवरून फिरली. त्या गटातल्या चाळीस डोळ्यांनीही तेच केले. आमच्या मुलींनी माना खाली घातल्या. आम्ही वाद घातला नाही. बसमध्ये बसल्यावर मात्र सविस्तर बोललो. औरंगजेबाने १६६९ मध्ये काशीचे मंदिर पाडायला लावले, हे खरे आहे. वेरूळच्या लेण्यांचे आश्चर्य त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, हेही खरे आहे. त्याने केलेल्या चांगल्या-वाईटाचा जबाब आठवीतल्या मुलीने देण्याचे काहीच कारण नाही. याच वेरूळमध्ये मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ती नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून, असे परंपरा सांगते. इतकी गुंतागुंत चार-पाच किलोमीटरच्या टापूत पडलेली आहे. पुस्तकातून ती दिसत नाही, तिथे उभे राहिल्यावरच दिसते. आपल्या मुलींना तिथे उभे करायचे नसेल, तर त्यांच्याविषयी दुसरेच कोणीतरी बोलत राहणार.

सहलीनंतर दोनच महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, ती कबर हटवण्याच्या मागणीवरून वातावरण तापले. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. कबरीभोवती पोलिसांचा पहारा वाढला. आमच्याकडे पालक येऊन म्हणाले, "बरे झाले, आधीच जाऊन आलात." पुढच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा शाळा समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "खुलताबाद वगळा. महाबळेश्वरला न्या. कशाला उगाच?" त्यांची भीती खोटी नव्हती. मुलींच्या सुरक्षिततेपुढे इतिहास मोठा नाही, हे आम्हालाही मान्य आहे. पोलिसांना विचारल्याशिवाय, तिथल्या ओळखीच्या शिक्षकांना फोन केल्याशिवाय आम्ही बस काढणार नाही. तणाव असेल तर तारीख बदलू. पण स्थळ बदलायचे नाही, असे आम्ही सभेत सांगितले. आज खुलताबाद वगळले तर उद्या दौलताबाद वगळावे लागेल, परवा वेरूळ. मग आपल्या मुलींना जायला पुन्हा शाद्या आणि दवाखानेच उरतील. सभा दोन तास चालली. शेवटी ज्येष्ठ म्हणाले, "मग माझ्या नातीचेही नाव लिहा."

पुढच्या अर्जात तिन्ही स्थळांची नावे स्पष्ट लिहिली आहेत. संमतीपत्र दोन भाषांत छापले आहे. तळाशी पालकांच्या सहीची जागा असतेच. त्याखाली आम्ही आणखी एक ओळ वाढवली आहे, ती विद्यार्थिनीच्या सहीची. वाचकहो, असा कागद तुमच्या घरी आला तर आधी मुलीला सही करू द्या, मग तुम्ही करा.